नागरिकाचा शब्द आणि उत्तराचे बंधन

मध्य प्रदेशातील रतलाम हे माळव्यातील शहर आपल्याकडे पश्चिम रेल्वेचे मोठे जंक्शन म्हणून आणि तेथील शेवेसाठी परिचित आहे. कायद्याच्या अभ्यासकांच्या स्मरणात मात्र ते राहिले आहे ते तेथील उघड्या गटारांमुळे. या शहराच्या बाराव्या प्रभागातील काही रहिवाशांनी सत्तरच्या दशकात एक तक्रार केली. तक्रारीचा विषय असा, की तो वाचून कोणाही कारकुनाने कागद बाजूला ठेवावा. वस्तीतून वाहणारे सांडपाणी, साचलेली डबकी, कचऱ्याचे ढीग, शौचकूप नसल्यामुळे रस्त्याच्या कडेलाच होणारे मलविसर्जन, त्यांवर पोसले जाणारे डास आणि जवळच्या मद्यार्क कारखान्यातून रस्त्यावर येणारे घाण पाणी. यातील कोणती गोष्ट नवी? ज्या गावात हे नाही असे गाव त्या काळी शोधूनच काढावे लागले असते.

तरीही या तक्रारीचा शेवट २९ जुलै १९८० रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयात झाला आणि ‘रतलाम नगरपालिका विरुद्ध वर्धीचंद’ या नावाने तो निकाल आजही देशभरातील विधी महाविद्यालयांत शिकविला जातो. एका प्रभागातील चार माणसांच्या बोलण्याला एवढे बळ कोठून आले, हा प्रश्न शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायतीचे सदस्य या तिघांच्याही दृष्टीने महत्त्वाचा आहे. ‘जनतेने आवाज उठवावा’ असे आपण व्यासपीठावरून नेहमी सांगतो. पण नुसत्या आवाजाने गटार बांधले जात नाही. चावडीवर, पारावर, एस.टी.च्या थांब्यावर माणसे रोज बोलत असतात आणि त्यांचे बोलणे तेथेच विरून जाते. रतलामच्या रहिवाशांचे बोलणे विरले नाही, याचे कारण ते अशा ठिकाणी बोलले की जेथे ऐकणाऱ्यावर उत्तर देण्याचे बंधन होते.

एक जुने कलम

ते ठिकाण म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याचे कार्यालय. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ हे सार्वजनिक उपद्रव दूर करण्यासंबंधीचे आहे. रस्त्यावरील अडथळा, लोकांच्या आरोग्यास घातक असा धंदा, कोसळण्याच्या बेतात आलेली इमारत, कुंपण नसलेली विहीर अशा गोष्टी ठरावीक मुदतीत दूर करण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतो. या कलमातील एका शब्दयोजनेकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. पोलिसांच्या अहवालावरून ‘किंवा अन्य माहितीवरून’ दंडाधिकाऱ्याने कारवाई करावी, असे तेथे म्हटले आहे. ही ‘अन्य माहिती’ कोणीही देऊ शकतो. त्यासाठी संघटना लागत नाही, पाच हजार सह्या लागत नाहीत, पुढाऱ्याची शिफारस लागत नाही. एका माणसाने दिलेली खरी माहिती पुरते.

१ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ अमलात आली आहे. तिच्यात हीच तरतूद कलम १५२ मध्ये आहे. कार्यालयातील जुन्या पुस्तकावरून काम करणाऱ्यांनी हा आकडा समासात लिहून ठेवावा.

रतलामच्या दंडाधिकाऱ्यांनी तक्रारीची चौकशी केली, पुरावा घेतला आणि नगरपालिकेला मुदत घालून उपद्रव दूर करण्याचा आदेश दिला. वास्तविक प्रकरण येथेच संपावयास हवे होते. परंतु पालिका सत्र न्यायालयात गेली आणि तेथे तो आदेश रद्द झाला. पुढे उच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. त्यावर पालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. गटार तोपर्यंत वाहतच होते.

पालिकेचे युक्तिवाद

पालिकेने मांडलेल्या बचावातील दोन मुद्दे स्थानिक स्वराज्य संस्थेत काम करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावेत असे आहेत. कारण ते आपल्याही तोंडी सहज येतात.

पहिला मुद्दा असा की, या भागात घरे घेणाऱ्यांना तेथील अस्वच्छतेची आधीपासून कल्पना होती. ती असताना ते तेथे राहावयास आले, तेव्हा आता त्यांना तक्रार करण्याचा अधिकार उरत नाही. हा युक्तिवाद ऐकून हसू येईल. पण ‘येथे प्लॉट घ्यायला तुम्हांला कोणी सांगितले होते?’ हे वाक्य आपल्या किती कार्यालयांत आजही उच्चारले जाते, याचा विचार केला की हसू मावळते. गरीब माणूस राहण्याची जागा निवडत नाही. परवडेल तेथे तो राहतो, आणि परवडते ती जागा बहुधा नाल्याकाठचीच असते.

दुसरा मुद्दा पैशाचा. पालिकेचे उत्पन्न तुटपुंजे, कामे अनेक, तेव्हा एवढी गटारे आणि शौचकूप बांधणे शक्य नाही. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. लहान नगरपालिकांची ओढाताण ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना त्यातील तथ्यही पटेल.

न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांच्या पीठापुढे हे प्रकरण आले होते. निकाल कृष्ण अय्यर यांनी लिहिला. सार्वजनिक रस्ते व गटारे स्वच्छ ठेवणे हे मध्य प्रदेश नगरपालिका अधिनियम, १९६१ च्या कलम १२३ अन्वये पालिकेचे कर्तव्यच आहे, हे त्यांनी प्रथम दाखवून दिले. तिजोरीत पैसा नाही ही सबब अशा कर्तव्याच्या आड येऊ शकत नाही. ज्याप्रमाणे राज्याला अंदाजपत्रकाकडे बोट दाखवून नागरिकाचे मूलभूत हक्क नाकारता येत नाहीत, त्याप्रमाणेच पालिकेला रिकाम्या तिजोरीकडे बोट दाखवून माणसांना घाणीत ठेवता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. माणसाची अब्रू आणि सभ्य जीवन यांवरचा खर्च हा स्थानिक संस्थेच्या उत्पन्नावरील पहिला बोजा होय, मागाहून उरल्यास करावयाचा खर्च नव्हे. त्याच ओघात न्यायमूर्तींनी एक टोलाही लगावला. कोर्टकचेरीत दाखविलेल्या उत्साहापैकी निम्मा जरी पालिकेने रस्ते आणि गटारे साफ करण्यात दाखविला असता, तर प्रश्न केव्हाच सुटला असता!

निकालाचा विशेष हा की तो तत्त्व सांगून थांबला नाही. राज्य शासनाने पुढे केलेली तुलनेने कमी खर्चाची योजना न्यायालयाने मान्य केली. सहा महिन्यांत स्त्रिया व पुरुष यांच्यासाठी स्वतंत्र, पुरेशी सार्वजनिक शौचालये बांधावीत, त्यांना पाणी द्यावे, सकाळ-संध्याकाळ सफाईची व्यवस्था ठेवावी आणि मुदत संपताच पालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याने काम पूर्ण झाल्याचा अहवाल द्यावा, असे सांगितले. डासांच्या बंदोबस्तासाठी राज्याच्या हिवताप निर्मूलन शाखेला विशेष सूचना द्याव्यात, डबकी व खड्डे बुजवावेत, कारखान्याचे सांडपाणी तातडीने थांबवावे, असेही आदेश झाले. या शेवटच्या बाबतीत दंडाधिकाऱ्यांनी स्वतःहून लक्ष का घातले नाही, असा प्रश्नही न्यायालयाने विचारला. पालिकेला पैसा कमी पडल्यास तिने राज्य शासनाकडे अनुदान वा कर्ज मागावे, असा मार्ग दाखविला. शौचालये वापरण्याचे व स्वच्छ ठेवण्याचे शिक्षण लोकांना द्यावे, त्यांचे सहकार्य मिळविणे लोकनियुक्त संस्थांनी विसरू नये, हेही नमूद केले. स्वच्छतेवर आज केलेला खर्च उद्या दवाखान्याच्या खर्चातून वाचतो, हा हिशेब न्यायालयाने मांडला. तो कोणत्याही ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकाच्या सभेत वाचून दाखविण्यासारखा आहे.

आणि हे न झाल्यास? दंडाधिकाऱ्याने जबाबदार अधिकाऱ्यांवर खटला भरावा, असे स्पष्ट सांगण्यात आले. शिक्षा संस्थेला होईल, तशी व्यक्तीलाही होईल. ‘कार्यालय’ या शब्दामागे उभ्या असलेल्या माणसाला न्यायालयाने अशा रीतीने पुढे आणले.

महाराष्ट्रातील पंचायत सदस्यांसाठी येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये पंचायतीची कर्तव्ये सांगताना ‘ग्रामनिधीतून शक्य असेल तेथवर’ अशा अर्थाचे शब्द आहेत. त्या शब्दांच्या आडोशाला उभे राहणे सोपे आहे. निधी मर्यादित असतो हे खरे. रस्ता यंदा की पुढील वर्षी, समाजमंदिर आधी की शाळेची संरक्षक भिंत आधी, हे निधी पाहूनच ठरवावे लागते. परंतु पिण्याच्या पाण्याच्या विहिरीशेजारी सांडपाणी मुरत असेल तर तो प्राधान्यक्रमाचा प्रश्न राहत नाही, तो सार्वजनिक उपद्रव होतो. उपद्रवाच्या बाबतीत रिकाम्या तिजोरीची सबब चालत नाही, हे रतलामने सांगून ठेवले आहे.

जेथे दारच नव्हते

रतलामच्या रहिवाशांना कायद्याने दार करून ठेवले होते. त्यांनी ते ठोठावले. पण उत्तर देण्याचे बंधनच कोणावर नसेल तर? शेजारच्या राजस्थानात पुढील दशकात हा प्रसंग आला.

राजसमंद जिल्ह्यातील देवडुंगरी या लहानशा गावी अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह हे कार्यकर्ते राहत होते. रॉय यांनी १९७५ मध्ये भारतीय प्रशासन सेवेचा राजीनामा दिला होता. दुष्काळी कामांवरील मजुरांना किमान वेतन मिळत नसे. मजूर विचारीत तेव्हा उत्तर मिळे की, तुम्ही काम कमी केले, मोजमाप पुस्तकात तसे लिहिले आहे. मग ते पुस्तक दाखवा, असे म्हटले की उत्तर येई, ते सरकारी दप्तर आहे, गोपनीय आहे. येथे माणूस बोलत होता, पण त्याच्या बोलण्याला उत्तर देण्यास बांधलेला कोणीच नव्हता. उलट उत्तर लपविण्यालाच कायद्याचा आधार होता. रोजगार हमीच्या कामावर हजेरीपट आणि मोजमाप यांवरून झालेले वाद आपल्याकडे ज्यांनी मिटविले आहेत, त्यांना या प्रसंगाची कल्पना वेगळी द्यावयास नको.

१ मे १९९० रोजी या मंडळींनी ‘मजदूर किसान शक्ती संघटन’ स्थापन केले. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे त्यांनी पहिली जनसुनावणी घेतली. मिळविलेली कागदपत्रे गावासमोर मोठ्याने वाचावयाची आणि ज्याचे नाव आले त्याने उभे राहून ‘मी या कामावर होतो’ किंवा ‘नव्हतो’ एवढेच सांगावयाचे, अशी ही साधी रीत. अशा सुनावण्यांतून हजेरीपटावरील मृतांची नावे आणि कधी न झालेल्या कामांची बिले लोकांसमोर आली. लिहिता-वाचता न येणारी बाई उभी राहून म्हणाली की हा अंगठा माझा नाही, तर त्या वाक्यापुढे बिलावरील सही-शिक्क्याचे तेज उतरते. कायद्याने दिलेले दार नव्हते, म्हणून गावाने आपल्या मंडपालाच दार केले.

एप्रिल १९९५ मध्ये राजस्थानच्या मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत पंचायतीच्या कागदपत्रांच्या प्रती लोकांना मिळतील असे सांगितले. वर्ष झाले तरी त्या आश्वासनाची अंमलबजावणी होईना, तेव्हा ६ एप्रिल १९९६ पासून ब्यावर शहरात चाळीस दिवसांचे धरणे झाले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा या चळवळीतून देशभर गेली. महाराष्ट्रातही अण्णा हजारे यांच्या आंदोलनाने ही मागणी पुढे रेटली; राज्याचा माहितीच्या अधिकाराचा पहिला कायदा २००० साली आणि अधिक परिणामकारक दुसरा २००२ साली झाला. अखेरीस केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. मजुरीच्या हिशेबाचा प्रश्न देशाच्या कायद्यापर्यंत पोहोचावयास पंधरा वर्षे लागली.

आज हाती काय आहे

आजच्या नागरिकाजवळ, निदान कागदावर, दारे पुष्कळ आहेत. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केल्यास तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. एखाद्याच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. सबळ कारणाशिवाय विलंब करणाऱ्या माहिती अधिकाऱ्यास दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्याव्या लागतात, नकार द्यावयाचा तर कारणे लेखी कळवावी लागतात आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. ग्रामसभेच्या वर्षातून किमान चार बैठका घेणे बंधनकारक आहे.

हे दोन्ही दंड संस्थेवर नव्हे, अधिकाऱ्यावर आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. रतलामच्या निकालात जे सुचविले गेले ते पुढे कायद्यात उतरले, असे म्हणावयास हरकत नाही.

अर्थात दार असणे निराळे आणि ते उघडे असणे निराळे. अर्ज येतो, त्यावर आवक क्रमांक पडतो, ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा मारून तो खाली पाठविला जातो, खालचा तो आणखी खाली पाठवितो आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्याच्याच टेबलावर तो अहवालासाठी येऊन पडतो. तो अहवाल देतो की, तक्रारीत तथ्य नाही. प्रकरण निकाली निघते. या साखळीत नियमाचा भंग कोणीच केलेला नसतो! म्हणून तक्रारीचा अहवाल तक्रारीच्या विषयाशी संबंधित नसलेल्या माणसाकडून मागविणे, एवढी एक गोष्ट जरी तालुका पातळीवर कटाक्षाने पाळली गेली, तरी पुष्कळ काम होईल असे वाटते.

सर्वच तक्रारी निर्मळ हेतूने होतात असेही नाही, ही अधिकाऱ्यांची व्यथा खरी आहे. भाऊबंदकी, निवडणुकीतील हेवेदावे, बांधाचे तंटे यांतून अर्जांचा पाऊस पडतो. पण हेतू तपासण्यापूर्वी वस्तुस्थिती तपासावी. द्वेषापोटी केलेल्या तक्रारीतील गटारही तितकेच तुंबलेले असू शकते. रतलामच्या प्रकरणात तक्रारदार मंडळी स्वभावाने कशी होती, याची कोणी फारशी दखल घेतलेली दिसत नाही. प्रश्न एवढाच होता की प्रभागात घाण आहे की नाही, आणि ती काढण्याचे काम कोणाचे.

बोलणाऱ्याच्या सुरक्षिततेचा विषय याहून गंभीर आहे. तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांनी जमीन व्यवहारांसंबंधी माहिती मागून अनेक प्रकरणे बाहेर काढली होती. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी त्यांची हत्या झाली. गावात एकट्याने अर्ज करणाऱ्या माणसाकडे पाहताना ही तारीख सरपंचाने, ग्रामसेवकाने आणि पोलीस पाटलानेही आठवावी. अर्जदाराचे नाव ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याच्यापर्यंत संध्याकाळच्या आत पोहोचते, ही गोष्ट खेड्यात कोणाला ठाऊक नाही?

अर्ज कसा असावा

शाळेत मराठीच्या तासाला पत्रलेखन शिकविले जाते. ‘तुमच्या परिसरातील अस्वच्छतेबद्दल आरोग्य अधिकाऱ्यास पत्र लिहा’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या परीक्षेत येत आहे. मुले ते पत्र लिहितात, गुण मिळवितात आणि वही मिटतात. पत्र एका कल्पित नगराच्या कल्पित अधिकाऱ्याला असते, त्यामुळे त्यात ‘सर्वत्र घाणीचे साम्राज्य पसरले आहे’ असे एक ठरीव वाक्य असते आणि नेमके काहीच नसते.

शिक्षकांनी हाच धडा थोडा निराळा घेऊन पाहावा. मुलांना प्रथम शाळेबाहेर न्यावे. कोणते गटार, कोणाच्या घरापासून कोठवर, किती दिवसांपासून तुंबले आहे हे त्यांनी स्वतः पाहून टिपून घ्यावे. हे काम कोणाचे, ग्रामपंचायतीचे की सार्वजनिक बांधकाम विभागाचे, याची चौकशी करावी. बहुतेक अर्ज चुकीच्या दारात जाऊन पडतात ते ही चौकशी न केल्यामुळे. मग अर्ज लिहावा. त्यात रागाचे शब्द नसावेत, तारीख असावी, जागा असावी, काय हवे ते एका वाक्यात असावे आणि उत्तर कोठे पाठवावे तो पत्ता असावा. एका अर्जात एकच विषय घ्यावा. पाच विषय घातले की पाच टेबलांवर तो फिरतो आणि पाचांपैकी कोणाचाच राहत नाही. मुलांच्या सुरक्षिततेचा विचार करून अर्जावर सही मुख्याध्यापकांनी करावी हे बरे.

अर्ज दोन प्रतींत न्यावा. एक कार्यालयात द्यावी, दुसरीवर तारीख आणि शिक्का घेऊन ती शाळेत परत आणावी. ही दुसरी प्रत वर्गाच्या भिंतीवर लावावी आणि तिच्याखाली उत्तर आले त्या दिवसाची तारीख लिहिण्यासाठी थोडी जागा मोकळी ठेवावी.